पाच पॉइंट चार

गाडी त्यानं विकली त्याला अकरा वर्षं झाली.
तोर्निओहून एक पोरगा आला, पैसे मोजून दिले,
गाडी काखेत मारली, रिमोट विसरला,
अर्ध्या वाटेतून परत येऊन तोही घेऊन गेला.
बॅटऱ्या मात्र ताउनोनं दिल्या नाहीत.
"जुन्या आहेत, त्याला झेपायच्या नाहीत," म्हणाला,
म्हातारी कुत्री असावीत तसं.

पाच पॅक. प्रत्येकात सहा सेल, खांद्याला खांदा लावून,
बिस्किटांच्या निळ्या डब्यात.
महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो त्यांना भरतो
आणि रविवारी शेडमध्ये बसून रिकाम्या करतो.

रिकामंच करायचं तर भरायचं कशाला,
मी एकदाच विचारलं होतं.
त्यानं सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली.
"अर्धं वापरलं, पुन्हा भरलं, पुन्हा अर्धं वापरलं,
की तिला वाटायला लागतं, आपण एवढ्याच.
तळ दाखवावा लागतो अधूनमधून."
कागद गिरणीत तीस वर्षं तारा जोडलेला माणूस,
एका दमात एवढं बोलला तो तेव्हाच.

रिकामं करायला एक दिवा आहे,
भंगारात गेलेल्या आमच्या लाडाचा, मागचा.
केमीत डिसेंबरमध्ये दोन वाजताच अंधारतं.
मी बटाटे सोलत असते, समोर शेडची खिडकी.
आधी पांढरी. मग लोण्यासारखी. मग गाजराची.
गाजराची झाली की मी कॉफी ठेवते.
इतक्या वर्षांत कॉफी कधी थंड झाली नाही.

"तळ दाखवायचा, तळाखाली न्यायचं नाही."
एका सेलमागे पॉइंट नऊ, सहांचे पाच पॉइंट चार.
तिथं चिमटा काढायचा.
नाहीतर दुबळा सेल आधी संपतो,
बाकीचे पाच त्याला रेटत राहतात
आणि तो उलटतो, अधिकचा उणे होतो.
"मग?"
"मग काही नाही. दिसायला तसाच दिसतो."

या महिन्यात ताउनो औलूला आहे, हृदयाच्या वॉर्डात.
फोनवर म्हणाला, आज पहिला रविवार.
म्हटलं, माहीत आहे, काल भरून ठेवल्यात.
"दाराशी बर्फ आहे, जपून."

शेडमध्ये हीटर लावला तरी बोटं वळेनात.
आत बसून हा दिवा मी कधी पाहिला नव्हता.
समोर बसलं की तो मंद होताना दिसतच नाही.
मीटरवर सात पॉइंट एक, तासभर जवळपास तेच,
तेच,
आणि मग जिन्यावरून भांडं गडगडावं तसे आकडे.

चार पॅक नीट झाले.
पाचव्याला माझा डोळा लागला,
पाच मिनिटं, फार तर सहा.
जागी झाले तर काचेत तांबडा किडा नुसता.
चार पॉइंट एक.
चिमटा काढायच्या आधी, का कोण जाणे,
एकेक सेल मोजला, तो मोजतो तसा.
चौथा: उणे पॉइंट दोन.

संध्याकाळी फोन.
"किती?"
"पाच पॉइंट चार."
"सगळे?"
"सगळे."
पलीकडे कसलंसं यंत्र टिकटिकत होतं.
"पाचव्यातला चौथा?"
"तोही."
"बरं," म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं,
"तो मागच्याच महिन्यात गेला होता, हिल्का."

मग आम्ही रस्त्यावरच्या बर्फाविषयी बोललो,
नर्सच्या उच्चारांविषयी, गुरुवारच्या बसविषयी.

फोन ठेवून मी त्याची वही काढली.
नोव्हेंबर. पाचवा पॅक. चौथा सेल.
पेन्सिल दाबून लिहिलेलं, कागद मागे उमटलेला:
ठीक.